व्हिएन्नातली वीतभर जागा

अन्याय झाला तो आमच्या सहा महिन्यांच्या लेकीवर, १९७३ साली, आश्विन पौर्णिमेच्या सकाळी. तापानं गेलेलं लेकरू घेऊन आम्ही कळमनुरी तालुक्यातल्या आमच्याच गावच्या स्मशानाकडे निघालो, तर वाटेत दहा-पाच माणसं आडवी उभी. "तुमची जागा ही न्हाई. ओढ्याकडं न्या." नेऊन काठावर पुरावं लागलं. परतीच्या पावसात ओढ्याला पूर आला आणि काठ खचून गेला. लेकीची जागा म्हणून बोट दाखवायलाही काही उरलं नाही. त्यानंतर माझ्या बायकोनं, सुमननं, घरात मेणबत्ती लावली नाही. दर पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून बुद्धवंदना म्हणणारी बाई ती. विचारलं की म्हणायची, "कुठं लावू? तिची जागा दाखवा, मंग लावते."

मी पत्रकं काढली, तहसीलसमोर बसलो, सभा घेतल्या. ते कुणाकुणाच्या कानावर गेलं आणि पुढच्या वर्षी परदेशातल्या एका युवक संघटनेनं आम्हा दोघांना अस्पृश्यतेवर बोलायला व्हिएन्नाला बोलावलं. भाषण झालं, टाळ्या झाल्या. मला त्या टाळ्यांचाही राग आला. दुसऱ्या दिवशी कसलीशी सुट्टी, दुकानं बंद. रस्त्यावर पिवळ्या पानांचा खच, आणि थंडी अशी की सुमननं लुगड्यावर माझा कोट चढवलेला. आम्ही नुसतेच फिरत होतो, तेवढ्यात तिला ती माणसं दिसली. म्हाताऱ्या, बाप्ये, लेकरं, सगळ्यांच्या हातात शेवंतीची फुलं आणि मेणबत्त्या. सगळे एकाच ट्रामकडे निघालेले.

"अवं, हे तर आपलेच लोक. वंदनेला चालले."

आता हसू येतं, पण मला ते पटलं. आमच्या गावात देवापुढं तेलाचा दिवा लावणारे वेगळे आणि मेणबत्ती लावणारे आम्ही. हातात मेणबत्ती दिसली की माणूस आपला, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. शिवाय युरोप बुद्धाकडे वळून राहिला, असं मीच एका पत्रकात ठासून छापलं होतं. आम्ही त्यांच्या मागं ट्राममध्ये चढलो. जिथं सगळे उतरले तिथं उतरलो. फाटकापाशी सुमननं एक मेणबत्ती विकत घेतली. आत गेलो तर विहार नव्हता. नजर पोचेल तिथवर कबरी, आणि बहुतेक कबरींवर उजेड. तो त्यांचा मेलेल्यांना आठवायचा दिवस होता, हे मागाहून कळलं.

"हे तर स्मशान हाय," मी म्हणालो. "चल माघारी. दुसऱ्याच्या स्मशानात उभं राहिलं की काय होतं, ते म्हाईत हाय ना?"

"जगाला भाषण देऊन राहिले, अन् इथं पाय लटपटायले तुमचे," ती म्हणाली आणि तशीच पुढं गेली.

एक काळ्या कोटातली म्हातारी एका कबरीवरची पानं वेचत होती. सुमन तिच्यापाशी थांबली. दोन्ही हातांनी झोळी हलवल्यासारखं केलं, मग रिकामे तळवे पुढं धरले आणि मराठीतच म्हणाली, "माय, माझ्या लेकीला जागा न्हाई." म्हातारीनं गुडघ्यावर बसून आपल्या फुलांची कुंडी बाजूला सरकवली, वीतभर माती हातानं सारखी केली आणि त्या जागेवर दोनदा थोपटलं.

तेवढ्यात गणवेशातला रखवालदार आमच्याकडे येताना दिसला. माझ्या मुठी आवळल्या. भांडायची तयारी केली, पण कुठल्या भाषेत भांडणार? म्हातारीनं सुमनच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला काहीतरी सांगितलं. काय, ते मला अजून माहीत नाही. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. सुमननं मेणबत्ती लावली, वाऱ्यानं ती टिकेना, तर तो कुठूनसं काचेचं झाकण घेऊन आला आणि ज्योतीवर ठेवून निघून गेला. सुमननं हात जोडले. वर्षानंतर तिच्या तोंडून "बुद्धं सरणं गच्छामि" ऐकलं. म्हातारी तिच्या पद्धतीनं छातीवर क्रूस काढत होती.

मी गोंधळलो तो आजतागायत. आमच्या धम्मात वरून कृपा पाठवणारा कोणी नाही, आणि मला तसा कोणी नकोही आहे. मग त्या दुपारी जे आलं ते काय होतं? त्याला मी चमत्कार म्हणणार नाही, योगायोग म्हणायलाही जीभ रेटत नाही. एवढंच कळतं, की मी वर्षभर ओरडून मागत होतो ते सुमनला रिकामे हात पुढं करून मिळालं. शरण जाणं म्हणजे हार, असं मी समजत होतो. ती तर शरण गेली आणि ताठ मानेनं परत आली. त्या म्हातारीचं नावही विचारता आलं नाही. तिचे उपकार मानतो, पण माझा राग काही गेला नाही. परक्या देशात मिळाली ती वीतभर जागा आमच्या गावात अजून मिळालेली नाही.

तुम्ही हे वाचून डोळे पुसाल. ते नको. तुमच्या गावच्या स्मशानात आमचं लेकरू पुरू देतात का, हे आजच्या आज विचारा. देत नसतील तर पंचायतीत उभं राहून जागा मागा, आणि ती तुमच्या स्वतःच्या नावानं मागा.