झुरळ आणि इंग्रजी

फ्रेंच म्हणी इंग्रजीत आणणारं माणूस शोधता शोधता मी पार थकले आहे. प्रत्येकाला एकच वाक्प्रचार देऊन बघते: 'माझ्याजवळ झुरळ आहे.' मन खिन्न झालं की फ्रेंच माणूस असं म्हणतो. सगळे झटकन सांगतात, 'उदास असणे.' बरोबरच असतं ते, पण रडणाऱ्याच्या हातात पावती दिल्यासारखं.

आज फ्रेंच शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई व्हिडिओ कॉलवर होत्या. चष्मा पदराला पुसत त्यांनी विचारलं, "हे कोण कोणाला म्हणतंय?"

"कोणीच नाही. नुसती यादी आहे."

"मग भाषांतर कशाचं करू?"

मी वैतागले. "समजा, मीच तुम्हाला म्हणतेय."

बाईंनी चष्मा लावला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"मग इंग्रजी राहू दे," त्या म्हणाल्या. "काय झालंय तुला?"