ठकूबाईची सातवी खेप

माझी धाकटी जाऊ ठकूबाई पाचाडला आमच्या खानावळीत भाकऱ्या थापते. गड बघायला आलेली चाळीस माणसं एकदम बसली तरी हिची एक भाकरी करपायची नाय. पण तीस वर्षं झाली, हिला अर्धशिशी हाय. महिन्यातले आठ-दहा दिवस डोक्यावरनं गोधडी घेऊन अंधारात पडायची, उलट्या काढायची. खोटं कशाला बोलू, मला ते सोंगच वाटायचं. गिऱ्हाईक वाढलं की हिचं डोकं बरं उठतं, असं मी चारचौघांत बोलायचे.

शेवटी तिच्या लेकीनं, सेजलनं, मुंबईहून फोनाफोनी करून महाडच्या एका दवाखान्यात तिचं नाव घातलं. दर मंगळवारी जायचं, सोबतीला मी. कपाळाला पट्टा, त्यात मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंज, त्यातून वीस मिनिटं बारीक करंट. मुंग्या आल्यासारखं होतं, बाकी काय नाय. आणि लगेच बाजूच्या खोलीत निशिगंधा मॅडमशी तासभर बोलायचं. “करंटनं जमीन भुसभुशीत होते, पेरणी बोलण्यातून,” मॅडम म्हणाल्या. दुखणं कमी होईल, पार जाईलच असं नाय, हेही सांगितलं. माणसाच्या मेंदूत नांगर घालतात! मी तर हातच जोडले.

परतीच्या एसटीत ठकू गप्प असायची. मला वाटलं, दमली असेल. सहाव्या खेपेला मॅडमनी मला बाजूला घेतलं. “या एक शब्दही बोलत नाहीत हो, नुसत्या भिंतीकडे बघतात. बोलल्याशिवाय उपचार अर्धाच. पुढच्या वेळीही असंच झालं तर जागा दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल.”

माझं टाळकंच फिरलं. पाचाड येईपर्यंत मी तिला फैलावर घेतलं. ठकूनं हूं की चूं केलं नाय. घरी आली, पाय धुतले, उंबरा ओलांडला, मग तोंड उघडलं.

“जावबाय, डोक्याला मीठ लावून दुखणं उतरवल्यावर वाटेत कोण बोलतं का? बोललं तर माघारी येतं ना!”

अगो बाय! आमच्याकडं दृष्ट काढली की पाय धुऊन आत येईपर्यंत बोलत नायत. ते मीठ बघून ही बया दर खेपेला तोंड मिटून बसली होती. माझ्या एवढ्या शिव्या खाल्ल्या, पण बरं व्हायची आस सोडली नाय. केवढी ताकद म्हणायची ही!

मी मॅडमना फोन लावला. त्या हसल्या नायत. “आमच्या दारात पाय धुतले तर चालेल का, विचारा,” एवढंच म्हणाल्या. ठकूनं जरा विचार केला आणि म्हणाली, “चालंल.”

सातव्या खेपेला मॅडमच्या दाराशी बादली-तांब्या तयार. ठकूनं पाय धुतले, मला हाताला धरून आत नेलं, शेजारी बसवलं आणि बोलायला लागली.

“दुखतं त्याचं भ्याव नाय मॅडम, ते मी सोसते. पण डोळ्यापुढं चमकायला लागलं की वाटतं, आता जावबाय दारात येतील आणि म्हणतील, उठलं का सोंग. त्या भ्यावानं मी दुखायच्या आधीच जीव मुठीत धरून ऱ्हाते. मग जास्तच दुखतं.”

तीस वर्षं एका चुलीशी बसलो आम्ही, आणि हे मला ठाऊक नव्हतं. रडू आवरेना.

“ठकू, चुकलं गो माझं,” मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं बघितलं. लग्न होऊन आल्यापासून ती मला कधी उलटून बोलली नव्हती.

“जावबाय, मधी बोलू नका. माझं आजून झालं नाय.”