खंडेनवमीच्या पूजेतला माझा खेळ

खंडेनवमीच्या संध्याकाळी मी घरी आले. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पूजा मांडली होती. ते कारखान्यात फिटर. पाटावर नट आवळायचे पाने, हातोडी, झेंडूची फुलं आणि मधोमध लोखंडाचा कीस उचलायचं जाडजूड लोहचुंबक. त्या चुंबकावर माझ्या दोन्ही कॅसेटी, हळदकुंकू लावलेल्या.

त्या कॅसेटींत माझा खेळ होता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. इंदिरानगरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायचे. तिथला कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचा, आणि तो बंद केला की सगळं विसरायचा. म्हणून प्रोग्राम टेपवर उतरवायचा. आमच्या द्वारका चौकाच्या गर्दीतून सायकल काढायची, असा माझा खेळ. वर्षभर डोळे फोडून केलेला. क्लासमध्ये कोणी त्यावर गाणी भरील म्हणून दोन्ही प्रती घरी आणल्या होत्या. कसलं डोंबलाचं शहाणपण!

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मुंबईचे एक व्यापारी तो खेळ बघायला क्लासवर येणार होते. पसंत पडला तर विकायला घेणार होते. बाहेरचे तयार खेळ आता पोत्यानं येतील, मग इथल्या पोरांना कुत्रं विचारणार नाही, दाखवायचं ते आत्ताच दाखवा, असं त्यांनी बजावलं होतं. मला उठता-बसता ती पोतीच दिसायची.

कॅसेटी उचलायला वाकले, तर अण्णांनी हात धरला. आज हत्यारांना हात लावायचा नाही, उद्या सकाळी उचल म्हणाले.

"तुझंही हत्यारच ना ते? म्हणून वर ठेवलं, मानाच्या जागी."

किती खुशीत होते! चुंबकानं टेप पुसली जाते हे त्यांना कुठून ठाऊक असणार? आणि व्हायचं ते केव्हाच होऊन गेलं असणार, हे मला कळत होतं. मी पाटापुढे वाकून नमस्कार केला.

सकाळी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून क्लासला आले. व्यापारी आल्यावर मी पहिली कॅसेट लावली, नुसती खरखर. दुसरी लावली. टीव्हीवर पट्ट्या धावत राहिल्या. व्यापाऱ्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि बॅग उचलली. मी कॅसेट बाहेर काढली.

"काय झालं गं?" अण्णांनी विचारलं.

"मशीन बिघडलंय, अण्णा."

ते पाहुण्यांमागे जिन्यावर धावले. वर मला ऐकू येत होतं. "साहेब, मशीन काय, दुरुस्त होईल. पोरीचं काम पक्कं आहे. मी स्वतः पूजा केलीय त्याची."