माती उकरताना बघायचं नाही

"बघायचं नाही!" असं म्हणून काका हाताचा पंजा आडवा धरत. नोव्हाय या आमच्या अमेरिकन गावातल्या त्यांच्या तळघरात रंग बदलणारे सरडे होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला ते बघायचेच असत. तुम्ही गेला असतात तर तुम्हालाही अडवलं असतं.

मोटारींच्या कंपनीतून रिटायर झाल्यावर बाकीचे काका गोल्फ खेळायला लागले. आमच्या शेजारच्या या काकांनी सरड्यांची पैदास सुरू केली. सरडे पाळणं शिकायला येणाऱ्या पोरांना ते आधी घाबरवून सोडत.

"पिल्लं मोठी झाली की एकत्र ठेवता येत नाहीत. प्रत्येकाला वेगळा पिंजरा. जमेल? नाही ना? मग मासे पाळ."

"काका, सो डिस्करेजिंग, यार!"

"तेच तर माझं काम."

त्या ‘बघायचं नाही’ला कारण होतं. पहिली मादी गाभण राहिली तेव्हा काकूंना हौस आली. त्यांनी तिचं चक्क डोहाळजेवण केलं! आम्ही बायका नटूनथटून तळघरात उतरलो, पिंजऱ्याला कापडी फुलांची माळ बांधली, गाणी म्हटली. ती अंडी घालायला ओल्या मातीत खड्डा उकरत होती. आम्हाला बघून थांबली. कुणी बघत असलं की ही मादी खड्डा सोडून देते, हे तेव्हा काकांनाही माहीत नव्हतं. अंडी पोटातच अडकली आणि काही दिवसांत ती मेली.

काका कुणाला एका शब्दाने बोलले नाहीत. काकूंनी मात्र आपली एक सुती साडी आणून पिंजऱ्याभोवती पडद्यासारखी बांधली. पुढे काकू गेल्या. साडी तिथेच राहिली.

या हिवाळ्यात काकांचा हॉस्पिटलमधून फोन आला. आवाज पार खोल गेला होता.

"नवी मादी अंड्यांवर आलीय. माती ओली ठेव. नीट झालं की मला सांग. आणि बघायचं नाही हं."

फोन ठेवल्यावर मला रडू आलं.

मी त्यांच्या तळघरात माती भिजवून जिन्यातच बसले. साडीआड खरखर चालली होती. दुसऱ्या दिवशी खरखर थांबल्यावर मी साडीचा पदर जरासा बाजूला केला. माती थापून सपाट केलेली होती आणि मादी फांदीवर होती, पोटाने रिकामी, दमलेली.

काका फोन उचलेनात. मी बर्फातून गाडी काढली.

त्यांच्या पलंगाभोवती पडदा ओढलेला होता. नर्स हळूच म्हणाली, "आय अॅम सो सॉरी. यू कॅन गो इन."

मी आत गेले नाही. पडद्याबाहेरूनच म्हणाले, "काका, घातली हो तिनं अंडी. कुणी बघितलं नाही."