अक्काबाईंची फरशी आणि छापील लाकूड

आमच्या शेजारच्या अक्काबाई मूळच्या सायखेड्याच्या. तिकडे त्यांनी शेणानं जमीन सारवली. नवऱ्याच्या नोकरीपायी नाशिक रोडला आल्या, तेव्हा सारवण सुटलं आणि शहाबादी फरशी हाती आली. ती त्या रोज धुतात. पुसत नाहीत, धुतात. बादली ओतायची, सोडा टाकायचा, खराट्यानं घासायचं, पाणी मोरीकडे ओढायचं. पुसणं म्हणजे त्यांच्या मते आंघोळीऐवजी तोंडावरून ओला हात फिरवणं.

नवरा गेला. पुढे स्वयंपाक सून मंजुषाकडे गेला, बाजार मुलगा शेखरकडे. अक्काबाईंकडे फरशी तेवढी राहिली. ती आहे तोवर घरात आपलं काम आहे, हे त्या जाणून होत्या.

शेखर चांगला मुलगा. आईची कंबर दुखते हे त्याला दिसलं. त्यानं सगळ्या घरात फरशीवर लिनोलियमचं आच्छादन अंथरलं. वर सागाच्या फळ्यांची नक्षी.

"आई, आता धुवायचं नाही. फडकं घट्ट पिळून फिरवायचं, बस्स. ते मंजू करेल. तू आराम कर."

"आराम करून काय करू?"

"टीव्ही बघ."

अक्काबाईंनी वाकून नक्षीवरून हात फिरवला. "इथं नोटा छापतात तेवढं पुरं नाय का? आता लाकूड बी छापाय लागले."

काही दिवस त्यांनी टीव्ही पाहिला. मग दिवाळी जवळ आली, आणि पिळलेल्या फडक्यावर सण कसा भागवायचा, हे त्यांना कळेना. मुलगा-सून कामावर गेल्यावर त्यांनी बादली ओतली, सोडा टाकला, खराटा चालवला. पाणी मोरीकडे ओढलं. मोरीपर्यंत थोडंच पोचलं, बाकीचं कडेनं लिनोलियमखाली गेलं. जमीन इतक्या लवकर कोरडी झालेली पाहून अक्काबाईंना लिनोलियमचं पहिल्यांदाच कौतुक वाटलं.

ते वास येईपर्यंत टिकलं. वासामागून फुगे आले. सोड्यानं चकाकी आधीच गेली होती.

मी मालधक्क्यावर पोती वाहिलेला माणूस, म्हणून उचलायला मला बोलावलं. लिनोलियमच्या पाठीला तागाचं अस्तर असतं. पाणी प्यालं की ते भिजल्या गोणपाटासारखं जड होतं. कोरडं असतं तर मी एकट्यानं नेलं असतं. ओलं मी आणि शेखरनं मिळून गच्चीवर चढवलं, आणि त्या रात्रीपासून घरात दोन कंबरा दुखू लागल्या.

खाली परतलो तर अक्काबाईंनी पदर खोचला होता.

"आई, थांब. वाळलं की सगळं पक्कं चिकटवून टाकतो. मग पाणी खाली जाणारच नाही."

"मलाबी चिकटव मंग. खुर्चीला."

"तुझ्यासाठीच करतोय ना मी?"

"माझ्यासाठी करतोस तर मला इचारलं का?"

शेखरनं माझ्याकडे पाहिलं. मी जिन्याकडे पाहिलं.

मंजुषा स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, हॉल आणि हे स्वयंपाकघर आईंचं त्यांना राहू द्या. वळलेल्या कडा कापा आणि उरेल ते लाकूड आपल्या खोलीत टाका."

"आणि ते पुसणार कोण?"

"मी डबे करते. आई फरशी धुतात." एवढं बोलून तिनं पोळी उलटली.

तेव्हापासून हॉलमध्ये रोज खराटा वाजतो. अक्काबाईंची कंबर दुखतेच. एक हात कमरेवर ठेवून त्या दुसऱ्यानं घासतात. मंजुषा पाय वर घेऊन चहा पिते. रविवारी शेखर त्याच्या खोलीत गुडघ्यांवर बसून फडकं फिरवतो. अक्काबाई दारातून बघतात. आत येत नाहीत, मदत करत नाहीत.

"पलंगाखाली राहिलं," त्या म्हणतात.

शेखर पलंगाखाली शिरतो.