काचबिंदू पिकायची वाट पाहिली

मंडळी, आज सकाळी पूजा करताना डावीकडची समई मला दिसलीच नाही, हात लागून कलंडली. घाबरून इथे ठाण्यातच, खोपटच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो.

दोन वर्षांपूर्वी तिथेच काचबिंदू सांगितला होता. मोतीबिंदूसारखा पिकला की काढू, असं समजून दिलेले थेंबही न घालता मी थांबलो होतो.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्याच्या पडद्याचा नवा फोटो काढून जुन्याशेजारी ठेवला. नस बरीच सुकली होती.

"काका, आंबा आहे का हा पिकायला? गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखायची तर रोज थेंब घाला."

खुर्चीतच दादा आठवला. गावी त्यालाही काचबिंदू निघालाय आणि 'पिकू दे' असं त्याला मीच सांगितलं होतं.

तुमच्याकडेही कोणी असं थांबलंय का?

दुपारभर फोन हातात धरून बसलो. शेवटी लावला.

"दादा, माझं चुकलं. उद्याच ठाण्याला ये."