बाबांचा वाटा

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला, त्या सुमारास मी मुळगावच्या बालवाडीत शिकवत होते. आमच्याकडे आलेल्या छापील पुस्तकांत सफरचंदं होती, केक होते. मुलं मात्र दुपारी उकड्या तांदळाची पेज जेवायची. म्हणून इथल्या खाण्याचं एक चित्रांचं पुस्तक करायचं मी ठरवलं.

ते कोकणीत असावं की मराठीत, यावर गावातल्या जाणत्यांनी देवळाच्या मंडपात सभा घेतली. दोन्ही बाजू मातृभाषेसाठी प्राण द्यायला तयार होत्या. पुठ्ठा द्यायला कोणीच तयार नव्हतं. मी शब्दच वगळले आणि जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या कागदांवर चित्रं काढली. टायकिळ्याची भाजी, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्या, आणि शेवटच्या पानावर पेज जेवायला बसलेली आई आणि मुलं.

तेव्हा सिंधुदुर्गातून आलेली एक लहान मुलगी बालवाडीत नवीन होती. बाप खाणीवर ट्रक चालवायचा, आई शेतावर मजुरीला जायची. ही पेजेला तोंडच लावत नसे. गूळ घालून झाला, मांडीवर घेऊन झालं. दिवसेंदिवस ती सुकत चालली होती आणि मला घरी गेल्यावरही घास गोड लागेना.

एका दुपारी पुस्तक घेऊन मी तिच्याजवळ बसले. पेज रांधणारी आमची मदतनीस चुलीकडून म्हणाली, "बाई, कागदार पिंतरलेली पेज दाखोवन खरी पेज कित्याक थंड करतात?"

मुलीने पानं उलटली. पातोळ्यांवर बोट फिरवलं. शेवटच्या पानाशी थबकली.

"बाबांचो वाटो खंय?"

"बाबा कामावर गेलेत गो."

"म्हणानच! आई पयलो बाबांचो वाटो काढून झाकून ठेवता. मगे आमी जेवतंव."

मी पेन्सिल उचलली आणि चित्रातल्या आईशेजारी एक वाटी काढली.

"झाकण? माशी पडतली!"

मी वाटीवर झाकण रेखाटलं. मदतनिशीने खरी वाटी भरली, वर बशी ठेवली आणि ती फळीवर नेऊन ठेवली. मुलगी फळीकडे बघत राहिली. मग आपली थाळी तिने पुढे ओढली.

एवढ्यात बाकीच्यांनी मला घेरलं. कोणाला बोटीवरच्या काकाचा वाटा हवा, कोणाला बाजाराला गेलेल्या आईचा. एकाने म्हशीचाही मागितला. "तिका बालदी काडात, वाटी पुरची ना," मदतनीस म्हणाली. मी म्हशीची बादली काढत होते, तेवढ्यात मागून त्या नव्या मुलीचा, फ्रॉकाला पुसलेला ओला हात माझ्या खांद्यावर पडला.

"बाई, आणखी वाढा."